वैशाखातली यात्रा : ऊन सोसण्याचे पुण्य आणि पाणी देण्याचे

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, शास्त्री नदीच्या उत्तरेला, समुद्रकाठी वेळणेश्वर हे गाव आहे. तेथील शिवमंदिर वेलणकर, गोखले, गाडगीळ, सावरकर, तुळपुळे अशा अनेक कोकणस्थ कुळांचे कुलदैवत. देवाचा मोठा उत्सव महाशिवरात्रीचा. तो माघ वद्य चतुर्दशीला येतो, तेव्हा हवा अजून सुसह्य असते आणि पहाटे समुद्रावरून गारवा येतो. मुंबई-पुण्यात, बडोदे-इंदुरात आणि परदेशांत स्थिरावलेली कुळे मात्र देवाला येतात ती बहुधा मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते, लग्नसराई चालू असते, नव्या जोडप्याला कुलदैवताच्या पायांवर घालायचे असते, झाडांना आंबे-फणस असतात. त्यामुळे वर्षातला सर्वांत तापदायक काळ आणि देवदर्शनाचा काळ एकच झाला आहे. या योगायोगातून एक जुना धार्मिक प्रश्न पुढे येतो. यात्रेकरू जे ऊन सोसतो त्याला धर्माच्या दृष्टीने काही मोल आहे का, आणि असले तर ते कोणत्या कारणाने?

आधी हे ऊन कसे असते ते पाहावे लागते. विदर्भात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मे महिन्यातले सरासरी कमाल तापमान ३२-३३ अंशांच्या आसपासच राहते. आकड्यावरून हा उन्हाळा सौम्य वाटतो. पण समुद्राकाठच्या हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर निवत नाही. विदर्भातला माणूस सावलीत बसला की त्याला बरे वाटते, कोकणात सावलीतही जीव घामाघूम असतो. वेळणेश्वराच्या अक्षांशावर १० मेच्या आगेमागे सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा मधे ढगांचे छत असते. आग्नेय आशियातले देश विषुववृत्ताला अधिक जवळ असल्याने हीच गोष्ट तेथे आधी घडते. बँकॉकमध्ये सूर्य एप्रिलच्या अखेरीस माथ्यावर येतो, आणि एप्रिल हाच थायलंडचा सर्वांत उष्ण महिना. तेथील नवे वर्षही त्याच महिन्यात, १३ ते १५ एप्रिलला सुरू होते, कारण ते सूर्याच्या मेषसंक्रमणावर बेतलेले आहे. थायलंडमध्ये त्याला सोंगक्रान म्हणतात. लाओस, कंबोडिया आणि म्यानमारमध्येही त्याच दिवसांत नववर्ष असते आणि सगळीकडे मुख्य विधी पाण्याचा असतो. बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर. रस्त्यात एकमेकांना भिजवणे हा पर्यटकांना माहीत असलेला भाग त्यानंतरचा. २०२३ मध्ये युनेस्कोने सोंगक्रानला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

भारतात आणि या देशांत यात्रा उन्हाळ्यात पडते याचे पहिले कारण पाऊस आहे. पावसाळ्यात नद्यांना उतार नसे, घाटवाटा निसरड्या होत, कोकणातल्या खाड्या ओलांडणे जिवावरचे असे. हिंदू संन्यासी चातुर्मासात एका जागी राहतात, जैन साधू-साध्वींचाही चातुर्मास असतो, बौद्ध भिक्षूंचा वर्षावास असतो. पावसात उगवलेली पिके आणि वाटेवर वळवळणारे जीव पायाखाली चिरडू नयेत हेही त्यामागचे एक कारण. म्हणजे चालण्यासाठी उरतात कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतचे महिने, आणि त्यांतले शेवटचे उन्हाचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते उन्हाळ्याच्या तोंडावरच. दक्षिणा मिळवणे हा उद्देश होता, पुढे बंडाच्या धामधुमीत ते सापडले. पण परतताना आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड आणायला ते विसरले नाहीत. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आले. रेल्वे आणि मोटारी यांच्यापूर्वी यात्रा म्हणजे काय होते, हे त्या पुस्तकाइतके मराठीत फार थोड्या ठिकाणी कळते.

तेव्हा उन्हात चालणे ही आरंभी सोय होती, निदान दुसरा पर्याय नव्हता. पण धर्मशास्त्राने त्या अडचणीलाच मोल दिले. चिपळूणजवळ जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचे नियम तपशिलाने मांडले आहेत. त्यांत एक हिशेब असा येतो : वाहनातून गेले तर यात्रेचे निम्मे फळ जाते, छत्री आणि पादत्राणे वापरली तर त्याच्या निम्मे, व्यापार केला तर तीन भाग, आणि वाटेत दान घेतले तर सगळेच. मत्स्यपुराणात प्रयागयात्रेच्या संदर्भात थोडी वेगळी छटा आहे. ऐश्वर्याच्या, लोभाच्या किंवा मोहाच्या पायी जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ होते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे आक्षेप वाहनापेक्षा वाहनामागच्या मनोवृत्तीवर आहे. तरी लोकांच्या मनात नियमाचा पहिला भागच रुजला. अनवाणी जाणारा, उघड्या डोक्याने जाणारा अधिक भाविक, ही समजूत आजही कोणत्याही देवस्थानाच्या वाटेवर दिसते.

आता याच्या शेजारी स्कंदपुराणातले वैशाखमासमाहात्म्य ठेवावे. वैशाखात पहाटे स्नान करावे हे त्यात आहेच, पण त्याचा खरा भर दानावर आहे, आणि ते दान सोन्या-जमिनीचे नाही. पाणी, पाणपोई, पंखा, छत्री, पादत्राणे आणि वाटसरूसाठी सावली हीच या महिन्यातली श्रेष्ठ दाने मानली आहेत. एका कथेत एक व्याध शंख नावाच्या ब्राह्मणाला लुटतो. त्याच्या वहाणाही काढून घेतो. मग तापलेल्या भुईवर अडखळत, पाय उचलत चाललेला तो माणूस त्याला पाहवत नाही आणि तो वहाणा परत देतो. एवढ्या एका कृतीच्या बळावर तो पुढच्या जन्मी वाल्मीकी होतो. दुसऱ्या कथेतला इक्ष्वाकुकुळातला राजा गाई, भूमी, सोने सगळे देतो. फक्त पाणी देत नाही, कारण ते तर कोणालाही कोठेही मिळते, त्यात काय पुण्य, असे त्याला वाटते. त्याला चातकाचा जन्म येतो आणि पुढे आणखी हीन जन्म घेत तो शेवटी एका घरातली पाल होतो. कोणा साधूच्या चरणतीर्थाचे थेंब अंगावर उडतात तेव्हा त्याची सुटका होते.

दोन्ही वचने एकत्र वाचली की विरोध लपत नाही. ज्या छत्रीने आणि वहाणांनी यात्रेकरूचे पुण्य घटते, तीच छत्री आणि त्याच वहाणा त्याला देणाऱ्याचे पुण्य वाढवतात. वाटेत दान घेणाऱ्याचे तर सगळे फळ जाते. मग व्याधाने परत दिलेल्या वहाणा पायांत घालणाऱ्या शंखाने काय गमावले? परंपरेने हा हिशेब जुळवण्याची फारशी खटपट केलेली नाही. तो जुळत नाही याचे कारण असे दिसते की ही वचने दोन वेगळ्या माणसांना उद्देशून आहेत. पहिले वचन यात्रेकरूला स्वतःबद्दल सांगते आणि दुसरे वाटेवरच्या माणसाला इतरांबद्दल सांगते. स्वतःच्या उन्हाचा बाऊ करू नये, दुसऱ्याचे ऊन मात्र क्षुल्लक मानू नये, असे दोन्ही एकत्र वाचावे लागते. गोंधळ होतो तो माणसे ही वचने उलटी लावतात तेव्हा : स्वतःला सावली शोधतात आणि दुसऱ्याला सहनशीलतेचा उपदेश करतात.

सहनशीलतेचा विचार भारतीय दर्शनांत नीट झालेला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख उत्पन्न होतात. ती येतात आणि जातात, म्हणून सोसावीत. येथे शंकराचार्यांनी भाष्यात बारीक भेद केला आहे. थंडी कधी सुखाची असते, कधी दुःखाची. ऊनही तसेच, त्याचे स्वरूप ठरलेले नाही. सुख आणि दुःख यांचे स्वरूप मात्र ठरलेले आहे, म्हणून त्यांचा उल्लेख वेगळा केला. पौषातल्या पहाटे अंगणात शोधावे लागणारे ऊन आणि वैशाखातल्या दुपारी टाळावे लागणारे ऊन एकच, हा अनुभव सर्वांचा आहे. त्यावरून दुःख उन्हात नाही, उन्हाशी जडलेल्या आपल्या संबंधात आहे, असा निष्कर्ष वेदान्त काढतो. न्याय-वैशेषिकांची वाट वेगळी असूनही येथे जवळ येते. त्यांच्या मते उष्ण स्पर्श हा तेजाचा गुण, पाण्याचा स्वाभाविक स्पर्श शीतच. पाणी तापलेले वाटते ते त्यात मिसळलेल्या तेजामुळे. जैनांनी साधूने शांतपणे सोसायचे बावीस परीषह सांगितले आहेत, त्यांत भूक, तहान, थंडी आणि उष्णता पहिल्याच चारांत येतात.

परंतु सोसणे आणि ओढवून घेणे यांत फरक आहे, आणि हा फरक शास्त्रांनीच आग्रहाने केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने आणि अहंकाराने शरीराला पिळणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हटले आहे. त्याच अध्यायात खऱ्या तपाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन प्रकार येतात. त्यांत पूजा, शुचिता, अहिंसा, कोणाला न दुखवणारे सत्य बोलणे, मनाची प्रसन्नता हे सगळे आहे, उन्हात उभे राहणे कोठेही नाही. ज्ञानदेवांनी या श्लोकांवर ओव्या लिहिताना असल्या देहपीडेची गय केलेली नाही. गौतम बुद्धांनी देह झिजवून पाहिला आणि ती वाट सोडली. सारनाथच्या पहिल्या उपदेशात भोग आणि आत्मपीडा ही दोन्ही टोके त्यांनी नाकारली. ज्या वैशाख पौर्णिमेला त्यांचा जन्म, बोधी आणि परिनिर्वाण मानतात ती ऐन उन्हाळ्यात येते. म्यानमारमध्ये त्या दिवशी लोक घागरी घेऊन बोधिवृक्षाच्या मुळांशी पाणी घालतात.

शिवाच्या देवळाच्या संदर्भात सर्वांत बोलका दाखला कालिदासाच्या कुमारसंभवात आहे. पाचव्या सर्गात पार्वती शिवासाठी तप करते. ग्रीष्मात ती चार बाजूंना अग्नी पेटवून मधे बसते आणि सूर्याकडे एकटक पाहते. यालाच पंचाग्निसाधन म्हणतात, आणि उन्हातल्या तपाची याहून तीव्र कल्पना सापडणार नाही. तेवढ्यात एक ब्रह्मचारी तेथे येतो आणि विचारपूस करतो : समिधा, दर्भ, स्नानाला पाणी सुखाने मिळते ना? आणि हे तप तू आपल्या शक्तीच्या मर्यादेत करतेस ना, कारण धर्माचे पहिले साधन शरीरच आहे. हा ब्रह्मचारी म्हणजे खुद्द शिव. ज्याच्यासाठी तप चालले आहे तोच प्रथम येऊन प्रकृतीची चौकशी करतो. शिवाच्या दर्शनाला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे असे यापेक्षा अधिक काही संस्कृत साहित्यात क्वचितच असेल.

देवालाही ऊन लागते अशी भक्तांची भावना आहे, आणि तिच्याभोवती महाराष्ट्रात एक पूर्ण ऋतुचर्या उभी आहे. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. चैत्र वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला उटी लावण्यासाठी वारकरी जमतात, त्या वारीचे नावच उटीची वारी. घरोघरी चैत्रगौर बसते, तिच्यापुढे कैरीची डाळ आणि पन्हे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली मातीची घागर पितरांच्या नावाने देतात. खानदेशात हा सण आखाजी म्हणून वर्षाच्या मोठ्या सणांत गणला जातो. जैन परंपरेत याच दिवशी ऋषभदेवांनी उसाचा रस घेऊन दीर्घ उपवास सोडला, म्हणून वर्षीतपाचे पारणेही त्याच दिवशी. आणि शिवमंदिरांत पिंडीवर गळती लागते. तिवईवर किंवा साखळीला तांब्याचे पात्र, त्याच्या तळाला बारीक छिद्र, आणि थेंब थेंब पाणी चोवीस तास. हलाहलाने पोळलेल्या देवाला थंडावा मिळावा ही त्यामागची कथा.

ज्याला ऊन-थंडी नाही असे ज्याचे वर्णन करायचे त्याला गारवा कशासाठी, हा तर्क नवा नाही. उपासनेच्या शास्त्राचे उत्तर असे की उपचार देवाच्या गरजेसाठी नसतात. पाहुण्याला आसन, पाय धुवायला पाणी, पंखा, विडा देतात तसे ते देवाला देताना उपासकाच्या मनाला दुसऱ्याच्या गरजेची सवय लागते. हे उत्तर बरोबर आहे, मात्र ते एक जबाबदारीही मागते. पिंडीवर पाणी घालून शिकलेली सवय देवळाच्या पायरीवर थांबली, तर उपचार फुकट गेला.

पाणी आणि लिंग यांचे नाते समुद्रापलीकडेही गेले होते. लाओसमधल्या चंपासक प्रांतातले वात फू हे मूळचे शिवमंदिर. डोंगराच्या कड्याखालच्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून तेथे लिंगावर अखंड धार धरण्याची योजना होती. २००१ पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. कंबोडियात अंगकोरच्या उत्तरेला क्बाल स्पीअन येथे अकराव्या शतकात ओढ्याच्या खडकाळ तळातच शेकडो लिंगे कोरली. त्यांच्यावरून वाहिलेले पाणी खाली सपाटीकडे जाते. तेथे अभिषेकाचे पाणी आणि माणसांच्या उपयोगाचे पाणी असा भेद उरतच नाही, कारण धार एकच आहे. उन्हाळ्यात त्या देशांत फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाने अंगकोरच्या शिखरांबरोबर हा ओढाही पाहावा.

महाराष्ट्रात हाच विचार सर्वांत कठीण रूपात दिसतो तो शिखर शिंगणापूरला. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, कायमच्या दुष्काळी मुलखात, डोंगरावर शंभू महादेवाचे देऊळ आहे. चैत्र शुद्ध पक्षात तेथे शिवपार्वतीच्या लग्नाची यात्रा भरते. गावोगावच्या कावडी चालत येतात. त्यांत मानाची कावड सासवडकडच्या पंचक्रोशीतली, भुतोजी तेली यांच्या नावाची. तिच्यात कऱ्हा नदीचे पाणी असते. द्वादशीला ही जड कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून वर चढवतात. माणसे एकमेकांना हात देत साखळी करतात, हर हर महादेवचा गजर चालू असतो, ऊन माथ्यावर असते. वर पोचलेले पाणी पिंडीवर घालतात. येथे सोसणे आहे आणि ते खरे आहे, पण ते कशासाठी आहे हे पाहावे : पाणी नसलेल्या ठिकाणी पाणी पोचवण्यासाठी. कावडीच्या भक्तीत चालणाऱ्याचा घाम आणि देवाचा गारवा एकाच दांडीच्या दोन टोकांना आहेत.

त्या कावडीचे पुढचे पाऊल एकनाथांनी टाकले. पैठणच्या नाथांचा काळ १५३३ ते १५९९. महिपतींनी भक्तचरित्रांत सांगितलेली कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. नाथ गंगेची कावड रामेश्वराला नेत असताना वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी कावडीचे पाणी त्याच्या तोंडात घातले. रामेश्वर येथेच भेटला, असे ते बरोबरच्यांना म्हणाले. दुसरी आठवण गोदावरीच्या वाळवंटातली. भर दुपारी आईपासून चुकलेले, अस्पृश्य मानलेल्या समाजातले मूल पोळत्या वाळूत रडत होते. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले, पुसले आणि त्याच्या घरी पोचवले. दोन्ही कथांत ऊन हेच निमित्त आहे. गारव्यात सोवळे पाळणे सोपे असते. वाळू पोळू लागली की सोवळे आधी की मूल आधी हे ठरवावे लागते, आणि नाथांनी ते क्षणात ठरवले. शास्त्रांच्या दोन वचनांमधला जो विरोध पंडितांनी तसाच ठेवला होता, त्याचा निकाल या दोन कथांत लागला आहे.

समाजाने तो निकाल मानला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वैशाखात पाणपोई घालणे महापुण्य म्हणणाऱ्या याच भूमीत काही माणसांना सार्वजनिक तळ्याला हात लावण्याची बंदी होती. वेळणेश्वरापासून उत्तरेला, त्याच कोकणात, महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यांच्यामागोमाग हजारो सत्याग्रही प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. तरी सत्याग्रहींवर हल्ला झाला आणि नंतर सनातनी मंडळींनी तळे मंत्रपूर्वक शुद्ध करून घेतले. न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. गुरे-ढोरे पीत होती तेथे माणसाला पाणी नाकारणाऱ्यांच्या घरी त्याच उन्हाळ्यात अक्षय्य तृतीयेची घागर दान झाली असणार. त्या दानाला स्कंदपुराणातली पाणी न देणाऱ्या राजाची कथाच उत्तर देते. उन्हाच्या धर्मविचारात महाडला एकनाथांच्या वाळवंटाइतकेच स्थान दिले पाहिजे, कारण पाणी हे दात्याच्या कृपेने मिळावे की माणूस म्हणून हक्काने, हा प्रश्न तेथे विचारला गेला.

अलीकडच्या वर्षांत या विचाराला आणखी एक कड आली आहे. भारतीय पंचांग अधिक महिना धरून चांद्रवर्षाचा सौरवर्षाशी मेळ घालते, म्हणून वैशाख नेहमी उन्हाळ्यातच राहतो. इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने हज सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. २०२४ मध्ये ती जूनच्या मध्याला आली आणि मक्केच्या परिसरातल्या उष्णतेत १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. बहुतेकांकडे अधिकृत परवाना नव्हता, त्यामुळे सावलीची आणि थंडाव्याची सोय त्यांच्या वाट्याला आली नव्हती. हज ज्याला शक्य आहे त्याच्यावरच बंधनकारक आहे, ही अट इस्लाममध्ये मूळचीच आहे. महाराष्ट्रात १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला उघड्या मैदानात झालेल्या पुरस्कार सोहळ्याला लाखो भाविक श्रद्धेने आले. उष्माघाताने त्यांतले १४ जण गेले. अशा वेळी मृतांच्या श्रद्धेची थोरवी सांगून भागत नाही. श्रद्धाळू माणूस आपण होऊन सावली मागत नाही, तहान बोलून दाखवत नाही. म्हणूनच त्याला बोलावणाऱ्यावर, मग ते देवस्थान असो वा शासन, सावली आणि पाणी यांची जबाबदारी दुप्पट होते. गर्दीचा मुहूर्त दुपारचा न ठेवणे हा आजच्या काळातला मोठा धर्माचार आहे.

वेळणेश्वरला हा सगळा विचार एका साध्या गोष्टीवर येऊन टेकतो, ती म्हणजे विहिरीतले पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांना हेवा वाटावा इतका. पण जांभ्या दगडाची सच्छिद्र जमीन आणि समुद्राकडे झपाट्याने उतरणारे डोंगर यांमुळे ते पाणी ठरत नाही. मे महिन्यात जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, टँकरची वाट पाहावी लागते, आणि डोक्यावरून हंडे आणण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकांनाच पडते. याच महिन्यात आंब्याची पेटी भरायची असते, आगोटीची कामे उरकायची असतात, कौले परतायची असतात, आणि याच महिन्यात शहरातली कुळे येतात, दिवसातून दोनदा नळ सोडून अंघोळ करतात. त्यांची भक्ती खोटी नसते. पूर्वीचा यात्रेकरू पायी येत असे तेव्हा तो उन्हाचा भाग स्वतः उचलत होता. आजचा यात्रेकरू चिपळूणपर्यंत रेल्वेने किंवा तवसाळच्या फेरीबोटीवर मोटार चढवून गारेगार येतो आणि उन्हाचा भाग गावावर सोडून जातो. मत्स्यपुराणाने वाहनावर घेतलेला आक्षेप ऐश्वर्याच्या मदावर होता असे मानले, तर तो आता वाहनापेक्षा नळाला अधिक लागू आहे.

याचा अर्थ मे महिन्यात कुलदैवताला जाऊ नये असा होत नाही. विखुरलेल्या कुळांना एकत्र येण्याचा तोच काळ उरला आहे, आणि मुलांना आपल्या देवाचे गाव दिसावे ही इच्छा योग्य आहे. म्हाताऱ्यांनी, गरोदर बायकांनी, आजाऱ्यांनी अनवाणी प्रदक्षिणेचा हट्ट धरू नये; शिवानेच पार्वतीला शक्तीची मर्यादा विचारली होती. दर्शन सकाळी ऊन चढण्याआधी किंवा दुपार कलल्यावर घ्यावे. उतरलेल्या घरी पाणी किती आहे ते विचारून वापरावे, आणि मुलांनाही ते विचारायला शिकवावे. अभिषेकासाठी काढून ठेवलेल्या रकमेतला काही भाग गावातली एखादी विहीर उपसण्यासाठी, पाणवठा बांधण्यासाठी किंवा छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीकडे द्यावा. ही कामे मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी उरकावी लागतात. त्यासाठी पैसे अक्षय्य तृतीयेलाच पोचलेले बरे.